मोजणी

माझं काम गोळ्या मोजण्याचं.
निळी ताटली, बोथट सुरी, पाच-पाचचे ढीग,
तीस झाल्या की बाटली, बाटलीवर नाव.
वेस्ट व्हर्जिनियाच्या ह्या दरीतून कोळशाची गाडी जाते तेव्हा
काउंटर थरथरतो, ताटली थरथरते,
गोळ्या थरथरतात. हात नाही.
एकोणीस वर्षं.

दुसऱ्या गोळ्या हार्लन मन्सीने शिकवल्या,
निवृत्त डेप्युटी, गुडघ्यानं अधू,
बंद खाणीच्या मागे, शनिवारी सकाळी.
दुकान तोवर दोनदा फुटलं होतं.
भरताना तो माझ्या नकळत मधेच एक फुसकं काडतूस घालायचा.
चाप ओढला की नुसतं टक्,
आणि नळी खाली झुकलेली, दोन बोटं.
"बघ लोरेना, बार झालाच नाही,
आणि तू आधीच दचकून मोकळी."
तो अख्खा हिवाळा मी ते दचकणं शोधत होते
दाढेत अडकलेल्या तंतूसारखं.
शूर हो, असं तो कधीच म्हणाला नाही.
म्हणायचा, श्वास सोड. अर्धा.
मग बघ, त्याच्या मागे कोण आहे.

मार्चमधला मंगळवार, बंद करायला वीस मिनिटं.
केलन ऊटन आत आला.
त्याला कांजिण्या झाल्या तेव्हा गुलाबी लोशन मीच दिलं होतं.
पिस्तूल त्यानं धरलेलं नव्हतं,
तोच पिस्तुलाला लटकला होता.
कुठल्या गोळ्या हव्यात ते त्यानं सांगितलं.
देते म्हटलं. आणि देत होते, खरंच.
दोन बाट‌ल्या काउंटरवर, तिसरी हातात,
तेव्हा तो ओरडला, बटण दाबलंस!
मी दाबलं नव्हतं.
नळी वर आली, माझ्या तोंडासमोर.

आवाज गेले. फ्रीजची घरघरसुद्धा.
त्याचे ओठ हलताना दिसत होते,
अंगठ्याच्या नखाखालचं ग्रीस दिसत होतं,
आणि त्याच्या खांद्यामागे, शुभेच्छापत्रांच्या फिरत्या स्टँडजवळ
लाल टोपीतला एक पोरगा,
हातात दोन कार्डं, कुठलं घ्यावं ठरत नसलेला.
श्वास सोडला. अर्धा.
एक पाऊल डावीकडे.
टोपी बाजूला सरकली, मागे आल्या
बर्फावर टाकायच्या मिठाच्या गोण्या, छातीएवढ्या रचलेल्या.
माझा हात काउंटरखालून वर आला.

एक.

दुसरी लागली नाही.
म्हणजे, दुसरीची गरज पडली नाही.

मग काउंटर ओलांडून मी, छप्पन्न वर्षांची, कशी ते आठवत नाही.
पिस्तूल पायानं लांब. गॉझची होती नव्हती ती सगळी पाकिटं.
तळहात, त्यावर तळहात, त्यावर सगळं वजन.
आवाज परत आले, त्यातला पहिला त्याचा:
"मिस लोरेना, गार वाटतंय."

किती वेळ चाललं, पोलिसांनी विचारलं.
दहा मिनिटं, मी म्हटलं.
कॅमेरा म्हणाला, अकरा सेकंद.
गाव म्हणालं, काय थंड डोक्याची बाई!
हार्लनने मला घरी सोडलं, माझ्याच गाडीतून, रेडिओ न लावता.
पुलावर माझे गुडघे हलायला लागले.
तो म्हणाला, आता हलू दे.

केलन जगला. एक फुप्फुस अर्धं.
तुरुंगातून पत्र आलं होतं, दोन ओळींचं. त्यातलं मी कुणाला सांगत नाही.

दर महिन्याच्या तीन तारखेला आर्डिथ ऊटन येते, त्याची आई.
रक्तदाबाच्या तीस.
दुसरं दुकान चाळीस मैलांवर, आणि तिला गाडी चालवता येत नाही.
ती गोण्यांकडे बघत नाही. मी तिच्याकडे.
पाच, दहा, पंधरा.
विसापाशी माझा हात दचकतो,
गाडी नाही, बार नाही, काही नाही.
मी ताटली रिकामी करते,
पुन्हा पहिल्यापासून मोजते.
ती थांबते. घाई करत नाही.